पाहुण्याचे ऋण

पाठीवर एक पिशवी, खिशात जेमतेम पैसे आणि सोबतीस कोणी नाही, अशा स्थितीत अनोळखी परदेशात महिनोन् महिने हिंडून येणारे तरुण आता आपल्या मध्यमवर्गातही दिसू लागले आहेत. ज्या देशाची भाषा येत नाही आणि जेथे ओळखीचे एकही घर नाही, तेथे ते जातात. रस्त्याच्या कडेला उभे राहून येणाऱ्या मोटारीस हात करतात, जो थांबेल त्याच्या गाडीत बसतात आणि जो बोलावील त्याच्या घरी जेवून निजतात. परतल्यावर वडील मंडळींपैकी काही जण 'केवढे हे धाडस!' म्हणून त्यांची पाठ थोपटतात, तर काही जण 'ही भिकेची हौस' म्हणून नाक मुरडतात. या दोन्ही उद्गारांत मुख्य प्रश्न निसटून जातो. ज्याला विकत घेऊन खाण्याची ऐपत आहे, त्याने परक्याची भाकरी फुकट खावी काय? आणि खावी, तर कोणत्या अधिकाराने?

पाश्चात्त्य देशांत अशा रीतीने गाडी मागावयाची तर हाताचा अंगठा वर करून दाखवितात. आपल्या भाषेत अंगठा दाखविणे म्हणजे ऐनवेळी 'नाही' म्हणणे. एकाच खुणेत एकीकडे मागणे आणि दुसरीकडे नाकारणे असावे, हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो. कारण मागणारा आणि नाकारणारा पुष्कळदा एकच मनुष्य असतो. याचा उलगडा पुढे होईल.

माझा एक माजी विद्यार्थी तुर्कस्तानातून असा प्रवास करून आला. मोठ्या उत्साहाने तो मला म्हणाला, "सर, राहण्याजेवण्यास जवळजवळ काहीच खर्च आला नाही." मी विचारले, "तुला आला नाही. मग कोणाला आला?" तो हसला, पण पुढे बराच वेळ गप्प होता. त्या देशात अवचित दारी आलेल्यास 'देवाचा पाहुणा' म्हणण्याची रीत आहे. आपला 'अतिथी'ही तोच. तिथी न कळविता येणारा. परंतु पाहुणा देवाचा असला, तरी त्याच्या पानातले अन्न देव पाठवीत नाही. फुकट प्रवास म्हणून काही नसतेच. प्रवासाचा खर्च एका वहीतून दुसऱ्या वहीत मांडला जातो, एवढेच.

तेव्हा ती दुसरी वही कोणाची, हे पाहणे प्राप्त आहे. येथे गाडीतील जागा आणि घरातील भाकरी यांत भेद केला पाहिजे. मालमोटार रिकाम्या आसनाने जाणारच असते. तीत एखादा वाटसरू बसला, तर चालकाचे फारसे काही जात नाही. उलट रात्रीच्या एकाकी रस्त्यावर त्याला बोलावयास माणूस मिळते. भाकरीचे तसे नाही. ती एकाने खाल्ली, की दुसऱ्यास उरत नाही. ज्या घरी पीठ मोजून मळले जाते, तेथे पाहुणा आल्यावर कोणीतरी कमी जेवते. हे कोणीतरी बहुधा घरातील स्त्री असते, कारण सर्वांत शेवटी जेवणे तिच्या वाट्यास आलेले असते. पाहुण्यास मोठ्या मनाने 'या, बसा' म्हणतो तो पुरुष. त्या औदार्याची किंमत चुलीपाशी मुकाट्याने भरली जाते.

हा प्रश्न केवळ परदेशी जाणाऱ्यांचा आहे असे नाही. आमच्या नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा वाहते, आणि तिची परिक्रमा करणारे शतकानुशतके याच रीतीने चालत आले आहेत. नदीची लांबी सुमारे १३१२ किलोमीटर. दोन्ही तीर मिळून वाट सव्वीसशे किलोमीटरांच्या घरात जाते. जुन्या नेमाप्रमाणे तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस लागतात. पात्र ओलांडावयाचे नाही, संचय करावयाचा नाही, आणि सदावर्तावर किंवा भिक्षेवर निर्वाह करावयाचा. 'नर्मदे हर' एवढे दोन शब्द हाच परवाना. गो. नी. दांडेकरांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा' या कादंबरीने मराठी घरांतून या वाटेची ओळख करून दिली.

या वाटेचा सर्वांत कठीण टप्पा म्हणजे शूलपाणीची झाडी. सातपुड्याच्या या अरण्यात भिल्ल लोक परिक्रमावासीयांस अडवीत आणि त्यांच्याजवळचे होते नव्हते ते काढून घेत, अशी परंपरेने चालत आलेली हकीकत आहे. नवल हे, की लुटलेले यात्रेकरू त्यांना 'मामा' म्हणत. नर्मदा ही माता, म्हणून तिच्या तीरावरचे हे मामा; मामाने भाच्याचे ओझे उतरविले, अशी समजूत. या लुटीस भक्तीचा मुलामा देऊन तिच्यामागील भूक झाकावी असे मला वाटत नाही. इंग्रजी अमलात कायद्याने जंगलावरचा हक्क आवळला गेला, तेव्हा जंगलावर जगणाऱ्यांपुढे काय उरले असेल याचा विचार आपण क्वचितच करतो. तथापि त्या समजुतीत एक नैतिक सत्य आहे. झाडीत शिरताना यात्रेकरू हौसेने गरीब झालेला असे. झाडीतून बाहेर पडताना तो खरोखरीचा गरीब असे. पुढच्या पाड्यावर त्याने हात पसरला, तेव्हा देणारा व घेणारा यांच्यात कमरेच्या वस्त्राखेरीज विशेष अंतर उरलेले नसे. आजच्या प्रवाशाच्या कमरपट्ट्यात मात्र परतीचे तिकीट असते, आणि अडचण पडल्यास घरून तासाभरात पैसे येऊ शकतात. त्याचे दारिद्र्य हे वेषांतर आहे. वेषांतर करणे पाप नव्हे. परंतु वेष घातला आहे हे त्याने स्वतः विसरणे, हे मात्र दोषास्पद होय.

मग अशा प्रवाशाने गरिबाच्या घरी जेवूच नये काय? २०११ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यातील शेकडा ६९ लोक आदिवासी होते, आणि मानवविकासाच्या मोजणीत हा जिल्हा राज्याच्या तळाशी गणला गेला आहे. धडगाव किंवा मोलगीकडच्या डोंगरात एखाद्या म्हातारीने मक्याची भाकरी आणि मिरचीची चटणी पुढे केली, तर 'तुमच्याकडे आधीच थोडे आहे' असे म्हणून उठावे काय? मला तसे वाटत नाही. द्यावयाची शक्ती हे माणसाच्या प्रतिष्ठेचे मोठे लक्षण आहे. ज्याला जगाने सदैव घेणाऱ्यांच्या रांगेत उभे केले, त्याला देण्याचा एक क्षण लाभला असता तोही हिरावून घेणे, यासारखा अपमान नाही. आपल्या नकारात दया दिसते. पण तिच्या पोटी 'तू देण्याच्या योग्यतेचा नाहीस' हा निवाडा असतो. आणि पैसे पुढे करावे, तर त्या घराची आपण खानावळ केली असे होते. न खाणे आणि मोल देणे, हे दोन्ही मार्ग ऋण टाळण्याचे आहेत. ऋण टाळून माणुसकी राखता येत नाही.

जुन्यांनी या पेचातून वाट काढली होती. मनुस्मृतीतील पुष्कळ गोष्टी आज आपण टाकून दिल्या आहेत, आणि त्या टाकण्यासारख्याच होत्या. १९२७ साली महाडास ती जाळली गेली, ती उगीच नव्हे. परंतु तिच्या सहाव्या अध्यायात संन्याशाच्या भिक्षेचा जो नियम आहे, तो विचार करण्यासारखा आहे. चुलीचा धूर निघेनासा झाला, मुसळाचा आवाज थांबला, निखारे विझले, घरची माणसे जेवून उठली, म्हणजे मग भिक्षेस जावे. तेही दिवसातून एकदा. मिळाले तर हर्ष नको, न मिळाले तर खेद नको. या नियमाचे मर्म असे की, भिक्षेकऱ्यामुळे कोणाचाही घास कमी होऊ नये. 'माधुकरी' या शब्दातही तीच दृष्टी आहे. मधमाशी पुष्कळ फुलांवर जाते, आणि एकही फूल तिच्यामुळे कोमेजत नाही. आपल्या नव्या प्रवाशास हा नियम सहज पाळता येईल. थोडे घ्यावे, शेवटी घ्यावे, एका घरी फार दिवस राहू नये, पाणी भरावयास व लाकडे फोडावयास हात लावावा, आणि नकार आला तर मनात राग न धरता पुढे चालू लागावे.

परंतु संयमाने ऋण हलके होते, फिटत नाही. ते फेडावे कसे? ज्याने दिले त्याला परत करणे बहुधा अशक्य असते; ते गाव पुन्हा दिसत नाही, आणि त्या माणसाचे नावही कधी कळलेले नसते. धर्मानंद कोसंबींचे चरित्र या बाबतीत मार्गदर्शक आहे. १८९९ साली ते बौद्ध धर्माच्या ज्ञानासाठी गोव्यातून बाहेर पडले. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले, नेपाळात जाऊन आले, आणि १९०२ साली सिंहलद्वीपास पोहोचून तेथील विद्योदय विद्यालयात पाली शिकले. जवळ पैसा नाही, बरोबर कोणी नाही, आणि पुढे जावयाचे ते देश सर्वस्वी अपरिचित. काशीच्या अन्नछत्राचे पैसे त्यांनी चुकते केले नाहीत. तसे कोणी अपेक्षिलेही नव्हते. पुढे पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकविली आणि मराठीत बुद्धाची वाणी आणली, ती त्या अन्नाची फेड होती. एका दारी घेतलेले दुसऱ्या दारी द्यावयाचे, हा या व्यवहाराचा कायदा आहे. १९६२ साली सतीश कुमार आणि त्यांचे एक सहकारी अण्वस्त्रांविरुद्ध दिल्लीहून मॉस्को, पॅरिस, लंडन व वॉशिंग्टन या राजधान्यांकडे पदयात्रेस निघाले, तेव्हा बरोबर पैसा घेऊ नका, असे विनोबांनी त्यांना सांगितले. ज्याच्याजवळ पैसा नाही त्याला माणसांवर विश्वास ठेवावाच लागतो, आणि शांततेची गोष्ट बोलणाऱ्याने आरंभ विश्वासापासून करावा, हा त्यातील आशय. येथेही घेण्याच्या मोबदल्यात जगाला काही द्यावयाचे होते.

सामान्य प्रवाशाने काय द्यावे? तो कोसंबी नव्हे आणि शांतिदूतही नव्हे. त्याने आपले दार द्यावे, असे माझे उत्तर आहे. आणि येथेच आपला समाज अंगठा दाखवितो. दिवाळी सरली, की आमच्या जिल्ह्यातील डोंगरी तालुक्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे मालमोटारींत बसून दक्षिण गुजरातेत ऊसतोडणीस जातात. भाषा वेगळी, गाव अनोळखी, खिसा रिकामा, पाठीवर गाठोडे. प्रवासाची सारी लक्षणे तीच आहेत. परंतु त्यास कोणी प्रवास म्हणत नाही, आणि परत आल्यावर त्यांचे अनुभव कोणी ऐकावयास बोलावीत नाही. उसाच्या फडाकाठी पाल ठोकून ती माणसे राहतात. तेथील कोणते घर त्यांना 'देवाचा पाहुणा' म्हणते? गुजरातेकडे बोट कशाला दाखवा? तोच मनुष्य दवाखान्याच्या कामासाठी आमच्या शहरात आला आणि रात्री एस. टी. चुकली, तर आमच्यापैकी किती जण त्याला ओसरीवर निजू देतील? त्याच्या आईच्या हातची भाकरी खाऊन आलेला परिक्रमावासी तरी देईल काय? ज्या तीरावर यात्रेकरूंस आसरा मिळे, त्या तीरावरची धडगाव व अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे सरदार सरोवराच्या पाण्याच्या तडाख्यात आली, आणि जुनी वाटही पाण्याखाली गेली. पिढ्यान् पिढ्या परक्यास घर दिलेल्यांवर स्वतः घर शोधण्याची पाळी आली, तेव्हा त्यांच्या ऋणकोंपैकी फारच थोडे पुढे आले.

यावर कोणी म्हणेल, शहरात चोरीमारी आहे, दार उघडे कसे टाकावे? भीती खरी आहे. परंतु अनोळखी माणसाविषयी तीच भीती त्या तुर्की शेतकऱ्यास वा त्या भिल्ल म्हातारीस नव्हती असे समजणे हा आपला भाबडेपणा आहे. तीही भ्याली असेल. भीती असूनही तिने पाट मांडला. तिने पत्करलेल्या धोक्यावर आपला प्रवास उभा राहिला. तसला थोडा धोका आपण पत्करावयास तयार नसू, तर घरबसल्या पुस्तके वाचावी हे अधिक प्रामाणिकपणाचे.

धडगावच्या डोंगरात अस्तंबा नावाचे शिखर आहे. दिवाळीच्या सुमारास हजारो लोक ते चढून जातात. तेथे अश्वत्थामा राहतो, आणि कपाळावरच्या न भरणाऱ्या जखमेसाठी तेल मागत फिरतो, अशी या भागातील श्रद्धा आहे. त्या शापाचा मी पुष्कळदा विचार करतो. भटकणे हा काही शाप नव्हे; मागणे हाही नव्हे. ज्याला कोठेच घर नाही, त्याला कधी कोणाचे आतिथ्य करता येत नाही. त्याला युगानुयुगे केवळ मागत राहावे लागते. शापाचे खरे दुःख मला यात दिसते. आपल्या तरुण प्रवाशांस सुदैवाने घर आहे. त्यांनी खुशाल जग हिंडावे, रस्त्यावर हात करावा, परक्याच्या चुलीपाशी बसावे. परंतु घरी परतल्यावर वेळीअवेळी दारावर थाप पडली, आणि बाहेर गाठोडे घेतलेला अनोळखी मनुष्य उभा असला, तर आपण किती देणे लागतो हे त्यांनी त्या वेळी आठवावे.