डोक्यावर टोपली

चोरी या विषयावर बँकेतल्या माणसाने लिहू नये असा एक संकेत आहे. लिहिलं तर वाचक लेख बाजूला ठेवून आधी आपलं पासबुक भरून आणायला धावतो. तरी मी लिहिणार आहे, कारण गेले चार महिने मी रोज रात्री जेवणं आटोपल्यावर नेमाने चोऱ्या करतो आहे. दचकू नका. या चोऱ्या कॉम्प्युटरवर होतात आणि बायकोच्या देखत होतात. "अहो, राजवाड्यातून एवढं आणता, तसं जरा कोपऱ्यावरून कोथिंबीर आणा," असं ती अधूनमधून म्हणते, एवढाच काय तो उपद्रव.

खेळाचं नाव 'स्कायरिम'. बेथेस्डा नावाच्या अमेरिकन कंपनीने तो २०११ साली काढला. आमच्या चिरंजीवांच्या लेखी तो आता पुराणकाळात जमा झाला आहे, म्हणूनच माझ्या वाट्याला आला. पूर्वी बापाच्या जुन्या विजारी कापून मुलाला शिवत. हल्ली मुलाचे जुने खेळ बापाला येतात. त्या मापात बसत नसत, हेही बसत नाहीत.

पहिलं काम म्हणजे आपलं पात्र घडवायचं. बर्फाच्या डोंगरांचा मुलूख, आणि वाटेत तीन शिळा उभ्या: योद्ध्याची, जादूगाराची आणि चोराची. जिला हात लावाल तिच्या विद्येत लवकर पुढे जाल. योद्धा होणं मला शक्य नव्हतं. बावीस वर्षं काउंटरमागे काढलेली कंबर ढाल पेलत नाही. जादूगारी मला प्रमोशनच्या परीक्षेसारखी वाटली. उरला चोर. जात निवडली खजीत, म्हणजे मांजराच्या तोंडाचे लोक. बहुतेकांची दबकून चालण्याची विद्या १५ गुणांपासून सुरू होते, यांची २५पासून. ती १००पर्यंत न्यायची. "बाबा, शेवटी सगळे तेच होतात," चिरंजीव म्हणाले. "वाजतगाजत योद्धा व्हायला जातात आणि अंधारात दबा धरून बाण मारत बसतात." आयुष्याबद्दल इतकं नेमकं विधान त्याने या आधी कधी केलं नव्हतं.

दबकण्याचं शास्त्र सोपं आहे. उजेड टाळावा, हळू चालावं, अंगावर हलकं चामडं घालावं, पायांत जड बूट नकोत. पडद्याच्या मधोमध एक डोळा असतो. तो मिटलेला असला की तुम्ही कुणाला दिसत नाही. उघडू लागला की सावध व्हायचं. यातली मौज अशी की ओसाड रानात रात्रभर दबकून चाललात तरी विद्या वाढत नाही. जवळपास कुणीतरी असायला हवं, आणि त्याने पाहता कामा नये. हे मला शिकवावं लागलं नाही. शाखाधिकारी हातात कागद घेऊन 'विमा विकायला कोण मोकळं आहे?' अशा नजरेने हॉलमध्ये आले, की आमचा सबंध स्टाफ मॉनिटरमागे इतका अलगद नाहीसा होतो, की त्या खेळातल्या पट्टीच्या चोरांनी आमच्याकडे शिकवणी लावावी.

पण या विद्येचा कळस म्हणजे टोपली. खेळ नवा होता तेव्हाच लोकांनी ही युक्ती शोधून काढली. दुकानात शिरायचं, एक टोपली उचलायची आणि दुकानदाराच्या डोक्यावर पालथी घालायची. तो हूं की चूं करत नाही. मग सावकाश दुकान धुऊन न्यायचं. त्याला दिसतच नाही! आपल्याकडचं मांजर स्वतःचे डोळे मिटून दूध पितं. हे मांजर दुधाच्या मालकाचे डोळे मिटतं. प्रगती म्हणतात ती हीच.

इथवर हसून झालं, आणि मग माझी झोप उडाली. कारण त्या मुलखाचा कायदा मी नीट वाचला. चोरी कुणी पाहिली तरच दंड. मुलखाचे नऊ भाग, प्रत्येकाची दंडाची वही वेगळी. इकडचा गुन्हेगार तिकडे प्रतिष्ठित नागरिक. शेवटचा साक्षीदार मेला की दंड रद्द, आणि तसं पडद्यावर रीतसर लिहूनही येतं. म्हणजे गुन्हा ही केलेली गोष्ट नव्हेच. ती पाहिलेली गोष्ट!

पण मी पडलो बी.कॉम. एका नोंदीची दुसरी बाजू सापडल्याशिवाय मला चैन पडत नाही. ती सापडली. चोरलेल्या वस्तूवर 'चोरीची' असा शेरा कायम राहतो. भर मध्यरात्री, चिटपाखरू नसताना उचललीत तरी राहतो. सरळ व्यापारी ती घेत नाही. चोरीचा माल पचवणारा गाठावा लागतो. एका वहीत काय दिसलं ते, दुसऱ्या वहीत काय घडलं ते. आणि या दोन वह्या टॅली व्हाव्यात असा कुणाचा आग्रहही नाही.

हा प्रश्न तसा जुना आहे. प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये, म्हणजे सुमारे २४०० वर्षांपूर्वी, ग्लॉकन एक गोष्ट सांगतो. लिडियातल्या एका मेंढपाळाला अंगठी सापडते. खडा आत वळवला की माणूस अदृश्य. मेंढपाळ राजवाड्यात जातो, राणीला फितवतो, राजाला मारतो आणि गादीवर बसतो. ग्लॉकन विचारतो, अशी एकेक अंगठी सज्जनाला आणि दुर्जनाला दिली, तर दोघांच्या वागण्यात फरक काय उरेल?

बँकेतल्या माणसाला हा प्रश्न फार झोंबतो. माझ्या डोक्यावर कॅमेरा, समोर ग्राहक, मागे अधिकारी आणि अधूनमधून ऑडिटर. बावीस वर्षांत एक रुपया इकडचा तिकडे झाला नाही, हे मी लग्नाकार्यात चारचौघांत सांगतो. पण मी प्रामाणिक आहे, की नुसता पाहिला जातो आहे? ताळेबंदात दोन्ही रकमा सारख्याच दिसतात.

उत्तराचा एक तुकडा मला चोरांकडेच मिळाला. या खेळात रिफ्टन नावाच्या शहराखाली चोरांची पेढी आहे. तिच्या तिजोरीला दोन किल्ल्या लागतात. वाचून मला घरी आल्यासारखं वाटलं, कारण आमच्या स्ट्राँग रूमलाही दोन किल्ल्या, दोघांकडे. दोन अर्धे अविश्वास मिळून एक पूर्ण विश्वास, असा हा हिशेब. एके दिवशी चोर तिजोरी उघडतात, तर ती रिकामी. पेढीचा म्होरक्या मर्सर फ्रे याच्याकडे कुठलंही कुलूप उघडणारी दैवी किल्ली असते. आपल्यात चोर निघाला म्हणून सगळे चोर हवालदिल! मी पोटभर हसलो. हसू ओसरल्यावर लक्षात आलं, की पाहणाऱ्यावर पाहणारा तरी किती नेमणार? शेवटच्या किल्लीपाशी कुणीतरी एकटाच उभा असतो. चोरांचं दुकानसुद्धा त्याच्या न पाहिलेल्या सचोटीवर चालतं.

आमच्या शाखेत खांबाच्या आडोशाला एक बाक आहे. कॅमेरा तिथवर पोचत नाही. मागे एक पेन्शनर आजोबा त्या बाकाखाली पडलेल्या पाचशेच्या चार नोटा घेऊन काउंटरवर आले. शिपाई कौतुकाने म्हणाला, "आजोबा, तिथं तर कुणीच बघत नव्हतं." आजोबा जरा बुचकळ्यात पडले. म्हणाले, "अरे, मी होतो की तिथं!"

प्लेटोला एवढंच सांगायला दहा भाग लागले.

मी काही आजोबांच्या पंक्तीला बसत नाही. माझं मांजर अजून राजवाडे धुतं, टोपल्या घालतं. मात्र त्या खेळात दुसऱ्याच्या खिशातून काढता येतं, तसं गुपचूप घालताही येतं. परवा एका झोपलेल्या शेतकऱ्याच्या खिशात मी दहा मोहरा घातल्या आणि डोळा मिटलेला असतानाच बाहेर पडलो. चिरंजीव मागे उभे होते. म्हणाले, "बाबा, याचा उपयोग काय?" मी म्हटलं, "काही नाही." खरोखरच काही नव्हता. फक्त चार महिन्यांत पहिल्यांदा, मागे वळून न बघता मी रस्त्याने ताठ चालत गेलो.