खो दिला की बसावे



शाळेच्या मैदानावर खो-खो आपण पाहिला असेलच. पाठलाग करणारे नऊ. एक धावतो, आठ रांगेत बसतात, एकाचे तोंड इकडे तर दुसऱ्याचे तिकडे. धावणाऱ्याला ना मधली रांग ओलांडता येते, ना मागे वळता येते. गडी पलीकडे निसटला, की बसलेल्याच्या पाठीवर थाप देऊन ‘खो’ म्हणावेच लागते. मग स्वतः त्याच्या जागी बसावे लागते.

मी चाळीसएक वर्षे नारदाच्या गादीवर उभा राहिलो. वाटे, कीर्तन मी करतो. एकदा काल्याच्या कीर्तनात आवाजच बसला. टाळकऱ्यांनी ध्रुपद उचलून धरले, मृदंगाने ठेका सोडला नाही. मंडपात कुणाला कळलेही नाही. मला मात्र कळले.

आपल्या नर्सीच्या नामदेवरायांशी प्रत्यक्ष देव बोलत असे. तरी संतांच्या मेळ्यात ते कच्चे ठरले आणि औंढ्याला विसोबा खेचरांना शरण आले, असे परंपरा सांगते. त्यांनाही दुसऱ्याचा हात लागला, मग आपली काय कथा?

आधार अडचणीत कुणीही घेतो. कठीण आहे ते नंतरचे बसणे. आता मी गादी सोडली. टाळ घेऊन मागे उभा राहतो, पुढे माझाच विद्यार्थी बोलतो. पहिले दिवस जड गेले, खोटे कशाला सांगू? पण बसलेला गडीही खेळातच असतो, माउली. कान तेवढे जागे ठेवावेत. पाठीवर थाप केव्हा पडेल, सांगता येत नाही.

रामकृष्ण हरी!