शेवंतीची रात्र
शास्त्रभाग : ईयोब २:११-१३



नाताळच्या दिवसांत आपल्या अंगणात शेवंती फुललेली असते. एकदा लावली की ती वर्षानुवर्षे टिकते. बहर सरल्यावर दांडे पाच-सहा बोटे ठेवून छाटावेत, म्हणजे बुडाशी काश्या फुटतात. त्या पावसाळ्याच्या तोंडी वेगळ्या करून लावाव्यात. रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा; फांद्या वाढतात. पाणी बेताने द्यावे, साचले तर मुळे कुजतात. हे सारे आपण हौसेने करतो. तथापि केवळ खतपाण्याने शेवंतीला कळी धरत नाही. ती धरते रात्र लांबल्यावर.

पुष्कळ वनस्पती दिवसाच्या लांबीवरून फुलण्याची वेळ ओळखतात, हे १९२० साली गार्नर व ॲलर्ड ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. शेवंतीच्या बहुतेक जाती त्यांपैकीच. बेळगावकडे जूनमधला मोठा दिवस सुमारे १३ तासांचा, तर डिसेंबरमधला लहान दिवस सुमारे सव्वाअकरा तासांचा. फरक एवढासाच, पण झाडाला तो कळतो. पुढे असेही आढळले की, झाड मोजते ती अखंड रात्र. मध्यरात्री काही वेळ दिवे लावले तरी त्याचा हिशेब मोडतो. बहर लांबवायचा असेल तेव्हा फुलशेती करणारे मुद्दाम असे दिवे लावतात. रात्रभर जळणाऱ्या दिव्याखालची कुंडी पुष्कळदा पानांनीच भरते, ती ह्यामुळेच.

शोकाचेही असेच आहे. दुःखी मनाला आपली रात्र पुरती लागते. आपण मात्र शोकाच्या घरी पाऊल टाकताच दिवा लावायला धावतो. “रडू नका, देवाची इच्छा,” असे म्हणतो, एखादे वचन ऐकवतो, घाईने प्रार्थना उरकतो आणि निघतो. वचन खरेच असते, वेळ चुकते. ईयोबाचे तिघे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले. तोवर ते खरे मित्र होते. बोलू लागले आणि त्याचे फिर्यादी झाले.

परंतु येथे सावध राहू या. नुसत्या अंधारानेही फूल येत नाही. शेवंतीला दिवसा भरपूर ऊन लागते. तिचे अन्न उन्हातच तयार होते. आजाऱ्याचे औषध, विधवेच्या घरचे धान्य, पोरक्या मुलांची फी ही दिवसाची कामे आहेत आणि ती आपल्याकडे सोपवलेली आहेत. ती टाळून “देव धीर देईल” असे म्हणणाऱ्याने आपल्या आळसाला विश्वासाचे नाव दिले.

गेथशेमाने बागेत आपल्या प्रभूने शिष्यांजवळ उपदेश मागितला नाही. जवळ राहा, जागे राहा, एवढेच मागितले. आणि तेवढेही त्यांच्याने झाले नाही. आज आपल्या मंडळीतही कोणाची तरी रात्र चालली आहे. घर कोणते, हे आपणांस ठाऊक आहे. ह्याच आठवड्यात तेथे जाऊ या. लागेल ते पिशवीत नेऊ या, आणि मग थोडे बसू या. बोलणे सुचले नाही तर न बोलताच बसू या. कळीची वेळ ज्याने ठरवली, तो त्या रात्रीही जागा आहे.

आमेन.