विक्रेत्याचें मौन

विकणाऱ्यानें आपल्या मालाचा दोष आपण होऊन सांगावा कीं नाहीं, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ व्यवहाराचा वाटतो. परंतु किंचित् खोल विचार केला असतां तो सत्याच्या स्वरूपाचाच प्रश्न आहे असें दिसून येईल. जेथें कोणी खोटें बोललेलें नाहीं, तेथें असत्य संभवतें काय?

अमेरिकेंत ‘मोटरहोम’ म्हणजे चाकांवरचें घर घेऊन देशभर हिंडण्याची हौस पुष्कळांना असते. नोकरींतून निवृत्त झालेलीं कित्येक जोडपीं राहतें घर विकून त्याच पैशानें असें एखादें वापरलेलें, डिझेलवर चालणारें वाहन घेतात व त्यांतच संसार मांडतात. अशा वाहनाचे दोष सहसा डोळ्यांस दिसत नाहींत. छताच्या सांध्यांतून पाणी झिरपून भिंतींतलें लांकूड कुजलेलें असतें, पण बाहेरचें अंग चकचकीत राहतें. मैलांचा आंकडा लहान दिसला कीं ग्राहक खूष होतो. परंतु वर्षानुवर्षें उभ्या राहिलेल्या गाडीच्या टांकींत पाणी सांचतें, डिझेलमध्यें सूक्ष्म जंतु वाढतात, रबरी नळ्या कडक होऊन तडकतात. टायरची नक्षी नव्यासारखी असली तरी त्याचें रबर जुनें असूं शकतें. तो कोणत्या वर्षीं व कितव्या आठवड्यांत तयार झाला, हें त्याच्या कडेवरील चार आंकड्यांवरून कळतें; पण ते वाचतां येणारे ग्राहक थोडे. विक्रेत्यास हें ठाऊक असतें. तो खोटें बोलत नाहीं. ‘आहे तसें घ्या’ एवढेंच म्हणतो.

हा वाद नवा नव्हे. इ. स. पूर्वी ४४ सालीं सिसरोनें कर्तव्यांवरील आपल्या ग्रंथांत तो मांडला आहे. एक मनुष्य घर विकूं पाहतो. घराचें लांकूड वाईट आहे, खोल्यांतून साप निघतात, आणि मालकावांचून हें कोणास ठाऊक नाहीं. बाबिलोनच्या डायोजेनीसचें म्हणणें असें कीं, न सांगणें म्हणजे लपविणें नव्हे, आणि ग्राहकावर कोणीं बळजबरी केलेली नाहीं. त्याचा शिष्य अँटिपाटर याचें उत्तर असें कीं, वाट चुकलेल्यास वाट न दाखविण्याहूनहि हें वाईट. कारण येथें दुसऱ्यास जाणूनबुजून चुकूं दिलेलें असतें. सिसरोचा कौल शिष्याकडे आहे.

आपल्या १८७२ च्या कराराच्या कायद्यानें मधला मार्ग पत्करला. लिलावांत सदोष घोडा विकणारा नुसता गप्प राहिला तर तें कपट नव्हे. परंतु घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर दोष सांगणें त्याचें कर्तव्य ठरतें.

नीतीला मात्र एवढ्यावर थांबतां येत नाहीं. ग्राहकानें जाणता कारागीर आणून एंजिन तपासून घ्यावें हें खरें, आणि त्याच्या आळसाची जबाबदारी विक्रेत्यावर टाकतां येणार नाहीं. पण दोष कोठें दडतो हेंच ज्याला ठाऊक नाहीं, तो विचारणार तरी काय? भाव उद्यां उतरणार हें ओळखून व्यापारी गप्प राहिला, तर ती त्याची दूरदृष्टि म्हणतां येईल. भाव हा वस्तूच्या बाहेरचा असतो. कुजलेलें लांकूड हा वस्तूचाच भाग आहे. तो झांकून विकणें म्हणजे एक वस्तु दाखवून दुसरी देणें होय.

या मौनाचा दंड ग्राहकालाच बसतो असेंहि नाहीं. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञानें १९७० सालीं जुन्या मोटारींचेंच उदाहरण घेऊन दाखविलें कीं, चांगली व वाईट गाडी ओळखतां येईनाशी झाली म्हणजे ग्राहक दोहोंना मधलीच किंमत देऊं करतो, आणि चांगल्या गाडीचा मालक बाजारांतून निघून जातो. एकाचें मौन असें दुसऱ्याच्या खऱ्या बोलाचीहि किंमत उतरवितें.

डोंगराच्या उतारावर तो जुना टायर फुटला, तर आंत निजलेलें माणूस परकें आहे म्हणून त्याला कमी लागणार नाहीं. कायद्यानें मुलीपुरतें सांगितलेलें कर्तव्य परक्यापर्यंत नेणें, हें नीतीचें काम आहे. हीच गाडी मुलीला देतांना आपण काय सांगितलें असतें, हें विक्रेत्यानें आधीं मनाशीं ठरवावें, आणि मग तेंच परक्यास सांगावें.