तुटलेल्या प्रवाळाचा हक्क

दोन वर्षांपूर्वी आमच्या उर्दू शाळेची सहल मालवणला गेली होती. सिंधुदुर्ग किल्ला पाहून झाला आणि मुलांनी हट्ट धरला, पाण्याखालचे मासे पाहायचे. आम्ही होडी ठरवली. किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात होडीवाल्याने नांगर टाकला. डोळ्यांवर काच, तोंडात नळी लावून मुले एकेक करून उतरू लागली. सातवीतला एक मुलगा मात्र घाबरून होडीची कड सोडेना. होडीवाला त्याला म्हणाला, "उतर रे, काय होवचा नाय. पाय टेकव त्येच्यावर, दगडच तो."

मुलाने पाय टेकवला. परतताना एसटीत त्याने रुमालातून एक वस्तू काढून आमच्या हातावर ठेवली. बारीक छिद्रांचा, तपकिरी, अजून ओला असलेला तुकडा. "सर, आप के लिए."

आम्ही शुक्रिया म्हटले आणि तो घेतला. सगळी गोष्ट इथेच सुरू होते.

तो दगड नव्हता. प्रवाळ हा प्राणी आहे. एकेक जीव इतका छोटा की सहज दिसत नाही. असे हजारो जीव एकत्र राहून आपल्याभोवती चुन्याचे घर बांधतात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शेवाळ राहते, ते उन्हातून अन्न तयार करते आणि घरमालकाला भाडे म्हणून देते. हे घर फार हळू वाढते. काही जाती वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर. समुद्राच्या तळाचा एक टक्कादेखील भाग प्रवाळांनी व्यापलेला नाही, पण समुद्रातल्या सुमारे एक चतुर्थांश जाती कधी ना कधी त्यांच्या आसऱ्याला येतात. आमची मुले सूरह रहमान तोंडपाठ म्हणतात. त्यात मरजान हा शब्द येतो. मरजान म्हणजे पोवळे, एवढा अर्थ आम्ही त्यांना सांगत आलो. अंगठीतले पोवळे वेगळ्या जातीचे असते ही गोष्ट निराळी, पण मरजान जिवंत असते हे आम्ही वर्गात कधी सांगितले नव्हते. बी.एड. करूनही हे आमच्या ध्यानात आले नाही, तर सातवीच्या मुलाला काय बोल लावायचा?

घरी आल्यावर वाचन केले आणि घाम फुटला. मालवणचा हा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, 29.12 चौरस किलोमीटरचे. कठीण प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. मुलाचे नाव न सांगता तो तुकडा आम्ही वनखात्याच्या माणसाकडे सोपवला. वर्गात हे सांगितले तेव्हा त्या मुलाने मान खाली घालून विचारले, "सर, उस को वापस समुंदर में डालेंगे तो जिंदा होगा क्या?"

या प्रश्नाने आम्हाला बरेच दिवस झोपू दिले नाही. कारण याचे एक उत्तर "होय" असेही आहे. तुटलेला तुकडा लवकर उचलला, सिमेंटच्या किंवा लोखंडाच्या सांगाड्यावर घट्ट बांधला आणि योग्य पाण्यात ठेवला, तर तो पुन्हा धरतो, वाढतो. जगात ठिकठिकाणी मच्छीमार आणि शास्त्रज्ञ मिळून हे काम करतात. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरही असे प्रयोग झाले आहेत. काम पुण्याचे आहे यात शंका नाही. पण मनात येते, तुटलेले पुन्हा लावता येते हे एकदा कळले की तोडणाऱ्याचा हात जरा सैल तर होणार नाही ना? सकाळी पाय द्यायचा आणि संध्याकाळी रोप लावल्याचा फोटो काढायचा!

आपल्याकडे तौबेच्या अटी लहानपणीच शिकवतात. चूक थांबवायची, तिचा पस्तावा व्हायचा, पुन्हा न करण्याचा इरादा करायचा. आणि जिथे दुसऱ्याचा हक्क मारला गेला असेल तिथे तो परत करायचा. या अटी आम्ही प्रवाळाला लावून पाहिल्या. सांगाडा बांधणे ही शेवटची अट झाली. पहिली अट नांगर न टाकणे, पाय न देणे. पहिलीला वगळून शेवटची पुरी होत नाही. निसर्गही हेच सांगतो. ज्या कारणाने प्रवाळ मेले ते कारण तसेच राहिले, तर नवे लावलेलेही मरतात. मग हक्कदार कोण, हाही पेच आहेच. प्रवाळ माफ करू शकत नाही. तिथे पिल्ले वाढवणारा मासा कोर्टात येत नाही. आणि जी मुले अजून जन्मलीच नाहीत, त्यांच्याकडे माफी मागायला जायचे कुठे?

याच प्रश्नाशी झगडलेली आपली माणसे पूर्व आफ्रिकेत आहेत. कोकणातले कितीतरी मुसलमान त्या किनाऱ्यावर जाऊन वसले, त्यामुळे झांझिबारचे नाव आपल्या घरांत नवे नाही. झांझिबारच्या पेंबा बेटाजवळ मिसाली नावाचे चिमुकले बेट आहे. आख्यायिका अशी की एक पुण्यपुरुष, ज्यांना तिथले लोक हजरत खिज्र मानतात, तिथे आले आणि त्यांनी नमाजासाठी मुसल्ला मागितला. तो मिळाला नाही, तेव्हा ते म्हणाले, हे बेटच माझा मुसल्ला. म्हणून मिसाली. या बेटावर हॉटेल बांधण्याचा घाट घातला गेला तेव्हा मच्छीमारांनी विरोध केला, आणि 1998 मध्ये बेट व भोवतालचा समुद्र संरक्षित झाला. एका भागात मासेमारी बंद झाली. पर्यटकांच्या फीचा एक हिस्सा गावांसाठी ठरला. तरी काहीजण सुरुंग लावून मासे मारत राहिले. सुरुंगाने प्रवाळ चुरा होतो. सरकारी मनाईला ते जुमानेनात. 1999 मध्ये फजलून खालिद यांच्या संस्थेने तिथे मच्छीमार आणि इमाम यांना एकत्र बसवले. समुद्र ही अमानत आहे, एवढेच बोलणे झाले. पुष्कळांनी ते मानले. मुसल्ल्यावर सुरुंग कोण लावील?

पण इथेही कथा गोड नाही. बेट संरक्षित झाले त्याच 1998 साली समुद्र तापला आणि पश्चिम हिंदी महासागरातले प्रवाळ पांढरे पडले. तापलेल्या पाण्यात आतले शेवाळ निघून जाते, प्रवाळ उपाशी मरतो. 2024 च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी चौथ्या जागतिक विरंजनाची घोषणा केली. ज्यांनी सुरुंग खाली ठेवले त्यांचेही प्रवाळ दूरच्या धुरामुळे जातात. त्या धुरात आमच्या एसटीचाही धूर आहे.

यंदा पुन्हा सहल काढायची होती. आम्ही त्याच होडीवाल्याकडे गेलो. पूर्वी तो मासेमारी करायचा. मोठ्या जाळ्यांच्या बोटी आल्या, त्याचे जाळे रिकामे येऊ लागले, म्हणून तो पर्यटकांकडे वळला. त्याला दोन मुली आहेत. आम्ही सांगितले, मुले होडीला धरून तरंगतील, कुणी पाय टेकवणार नाही, होडी तरंगत्या बोयाला बांधायची, वेळ जास्त लागला तर पैसे जास्त देऊ. त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, "गुरुजी, मी नांगर टाकूचंय नाय. पण बाजूच्या होडीवाल्याचा काय? तो टाकतलो, लवकर सुटतलो, चार फेऱ्या जास्त मारतलो. माज्या पोरींका मी काय सांगू?"

त्या दिवसाचे चार फेऱ्यांचे पैसे आम्ही शिक्षकांनी मिळून दिले. सहल झाली. तो मुलगा आता नववीत आहे. या वेळी होडीत तोच सगळ्यांच्या पायांकडे लक्ष ठेवून होता. दुसऱ्या दिवशी आम्ही नव्हतो. होडीवाल्याने नांगर टाकला की नाही, हे आम्ही त्याला विचारलेले नाही.