तौबेला गाव हवे



लैंगिक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांची नोंद राज्यांनी ठेवावी, असा कायदा अमेरिकेत 1994 मध्ये झाला. 1996 च्या मेगन कायद्याने ती माहिती जनतेस खुली झाली. 2000 मध्ये महाविद्यालयांत शिकणाऱ्या वा नोकरी करणाऱ्या अशा व्यक्तींची नोंदही बंधनकारक ठरली. हेतू रास्त आहे. जिची लेक वसतिगृहात राहते, त्या मातेची काळजी कोणी हलकी लेखू नये.

परंतु या नोंदीची छाया शिक्षेहून लांब पडते. शिक्षा भोगून आलेल्यास प्रवेश वा वसतिगृहातील खोली नाकारली जाऊ शकते. पदवी मिळाली तरी नोकरी दुरावते. आणि ज्यांनी काही केले नाही, त्या घरच्यांनाही लोकांच्या नजरा सोसाव्या लागतात. ज्यांच्या अपहृत मुलाच्या नावाने 1994 चा कायदा झाला, त्या पॅटी वेटरलिंग यांनीच पुढे या नोंदींच्या व्याप्तीविषयी जाहीर शंका व्यक्त केली. भारतात 2018 पासून अशी नोंद आहे. ती मात्र पोलीस व तपास यंत्रणांपुरतीच खुली आहे.

शंभर हत्या करणाऱ्या मनुष्याची हदीस आपण ऐकली आहे. तौबेचे दार बंद नाही, एवढेच सांगून तो आलिम थांबला नाही. जेथे सज्जन राहतात त्या वस्तीत जा, असेही त्याने सांगितले. विचार करा, त्या वस्तीनेच वेस बंद केली असती तर?

याचा अर्थ पीडितेचा हक्क विसरावा असा नाही. तौबेने बंद्याचा हक्क फिटत नाही. घराण्याच्या अब्रूसाठी गुन्हा झाकणे हा जुलूमच आहे. मुलांचे रक्षण, पीडितेस न्याय आणि गुन्हेगारास शिक्षा, ही आपली जबाबदारी होय. धोका उरला असेल तेथे पहाराही हवा. मात्र तो धोक्याच्या मापाने असावा, द्वेषाच्या मापाने नव्हे. कोणाचा द्वेषही आपणांस न्यायापासून ढळवू नये, हीच कुरआनची शिकवण आहे.

म्हणून मोबाईलवर कोणाचे छायाचित्र व आरोप आला, तर शहानिशा केल्यावाचून पुढे पाठवू नका. तक्रार असेल तर ती पोलिसांकडे न्या.

अल्लाह आपल्या लेकरांचे रक्षण करो, पीडितांना न्याय देवो आणि परतणाऱ्यास वाट देण्याचे बळ आपणांस देवो. आमीन.