ओळखीचं दार

दुसऱ्या महायुद्धात ज्यूंना घरात लपवणाऱ्या माणसांविषयी वाचलं की आपण त्यांच्या धैर्याने दिपून जातो. पण हे धैर्य येतं कुठून? नेदरलँड्समध्ये या प्रश्नाचं एक उत्तर सापडतं, आणि ते फारसं दिलासा देणारं नाही.

अ‍ॅमस्टरडॅममधली प्रिन्सेनग्राख्त २६३ ही ज्यू व्यावसायिक ऑटो फ्रँक यांच्या व्यवसायाची कचेरी. ६ जुलै १९४२ रोजी ते बायको-मुलींसह तिच्या मागच्या भागात दडले. पुढे तिथे आठ जण झाले. आठ तोंडांना रोज खायला लागतं. कचेरीतल्या मीप खीस भाजी आणायच्या, बेप फोस्कौल दूध बाजूला काढायच्या, मीपचे यजमान यान भूमिगत चळवळीकडून रेशनची कूपनं मिळवायचे. आत जाण्याची वाट झाकणारं पुस्तकांचं फिरतं कपाट बेपच्या वडिलांनी केलं. भाजीवाले हेंड्रिक फान हूफे बटाट्यांची जड पोती स्वतः आणून टाकायचे आणि कोणासाठी, हे विचारायचे नाहीत. मे १९४४मध्ये तेच पकडले गेले, कारण त्यांच्याही घरात दोन ज्यू लपले होते.

या सगळ्यांत कोणी क्रांतिकारक नव्हतं. फ्रँक यांनी मीपना थेट विचारलं आणि त्यांनी लगेच हो म्हटलं. १९३३पासून त्या त्यांच्याकडे कामाला होत्या. ‘ज्यू’ ही शिक्क्यातली जमात त्यांच्यासमोर नव्हती, साहेब आणि त्यांच्या मुली होत्या. फेदेरिको वारेसे आणि मेइर याइश या अभ्यासकांनी २०००मध्ये हेच मांडलं: ज्यांच्याकडे कोणी समोर येऊन मदत मागितली, त्यांनी ती करण्याची शक्यता कितीतरी जास्त होती. म्हणजे धैर्यालाही निमित्त लागतं, आणि ते निमित्त बहुधा ओळखीतून येतं.

ओळख उसनीही देता येते. ड्रेन्थ प्रांतातल्या न्यूवलांडे या खेड्यात शेतकरी योहानेस पोस्ट आणि त्यांचे साथीदार आर्नोल्ड डाउवेस दारोदार जाऊन ज्यूंसाठी आसरा मागत. गावकरी त्या अनोळखी ज्यूंना ओळखत नव्हते; विचारणाऱ्याला ओळखत होते. म्हणून नाही म्हणणं जड गेलं. पोस्टना १९४४मध्ये गोळ्या घालण्यात आल्या.

आता नाझींच्या हुकमांचा क्रम पाहा. १९४१मध्ये ज्यूंना बागा, कॅफे, ग्रंथालयं बंद झाली, मुलांच्या शाळा वेगळ्या झाल्या. ३० जून १९४२च्या हुकमाने बिगरज्यूंच्या घरी पाऊल टाकायलाही मनाई झाली. सामूहिक हद्दपारी सुरू झाली ती यानंतर, जुलैमध्ये. माणसं नेण्याआधी त्यांच्याकडे जाणाऱ्या वाटा बुजवल्या गेल्या. देशातल्या सुमारे १,४०,००० ज्यूंपैकी जवळजवळ १,०२,००० मारले गेले. पंचवीस हजारांहून अधिक जण लपले, पण त्यांतलेही हजारो सापडले. १९४३मध्ये माग काढणाऱ्या टोळीला माणशी साडेसात गिल्डर मिळत. तीही अगदी साधी माणसंच होती.

त्यामुळे ‘तेव्हा मी कोणाला लपवलं असतं का?’ हा आपण स्वतःला विचारतो तो प्रश्न अपुरा वाटतो. त्यात आपण स्वतःला आधीच दारात उभं केलेलं असतं. त्याआधीचा प्रश्न असा: ज्याच्यावर वेळ येईल, त्याने आपल्याकडे यावं एवढी आपली त्याच्याशी ओळख आहे का? वेळ आल्यावर ओळख वाढवता येत नाही. ती शांततेच्या दिवसांतच करायची असते, जेव्हा वेगळ्या शाळा, वेगळ्या वस्त्या आणि वेगळे उंबरठे कोणाला फारसे खटकत नसतात.